ढगांचं लॉगबुक

सोनवणे मामांची आणि माझी ओळख एका चक्रीवादळाने करून दिली. ते वादळ आलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

झालं असं, की अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. त्या दिवशी सर्दीच्या नावाखाली रजा टाकून कात्रपच्या घरी गॅलरीत बसलो होतो. मांडीवर नवाकोरा कॅमेरा. माणसांचे फोटो काढून झाले होते आणि त्यात सगळ्या नातेवाइकांचे डोळे मिटलेले आले होते, म्हणून मी आकाशाकडे वळलो होतो. आकाश डोळे मिटत नाही. तर साडेतीनच्या सुमारास एमआयडीसीच्या बाजूला, ढगाळ आकाशात, एक पांढरा खांब उभा राहिला. बघता बघता त्याला पीळ बसला आणि त्याचं वरचं टोक वाकडं होऊन ढगात शिरलं. परदेशातले ते वादळामागे गाड्या घेऊन पळणारे लोक मी मोबाइलवर रोज बघत होतो. त्यांना ज्यासाठी दिवस दिवस हिंडावं लागतं, ते माझ्यासमोर, मी बनियनवर बसलेलो असताना आपण होऊन हजर झालं होतं. मी सतरा फोटो काढले. त्यातला सर्वांत भीषण निवडून कॉम्प्लेक्सच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘एमआयडीसीत चक्रीवादळ उतरलंय. दिशा कात्रप. कोणीही बाहेर पडू नये.’

दहा मिनिटांत आमच्या कॉम्प्लेक्सच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी स्कूटर जिन्याखाली आणून दोरीने बांधली. माझ्या बायकोने आधी देवाजवळ दिवा लावला आणि मग गॅस बंद केला. वादळ मात्र कात्रपपर्यंत पोचलंच नाही. एमआयडीसीतल्या एमआयडीसीत विरून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टोअरच्या खिडकीशी एक बुटका, खाकी कपड्यांतला, मला नुसता चेहऱ्याने माहीत असलेला माणूस येऊन उभा राहिला. शर्टाची सगळी बटणं लावलेली, मनगटावरचीसुद्धा.

‘पाटकर तुम्हीच?’

‘हो. काय हवंय?’

‘काही नको. तुमचं वादळ मी सोडलं होतं, तेवढं सांगायला आलो.’

मला काही कळेना.

‘तीन बत्तीसला,’ तो म्हणाला. ‘बॉयलरचे इन्स्पेक्टर आले होते. सेफ्टी व्हॉल्व्हची टेस्ट होती. साडेदहा किलोच्या दाबाला उडाला, वाफ वर गेली. वरती वारा वेगळा होता, म्हणून पीळ बसला. फोटो गेटवर एकाच्या मोबाइलवर बघितला, चांगलाय. जरा आडवा काढला असता तर शेजारी आपली चिमणी आली असती, म्हणजे मग तुमच्या लक्षात आलं असतं.’

म्हणजे ज्या कारखान्यात मी अकरा वर्षं नोकरी करत होतो, त्याच्याच वाफेला घाबरून मी अर्धं कात्रप बंद करून ठेवलं होतं. तेव्हापासून कारखान्यात माझं नाव ‘चक्रीवादळ’ पडलं. कँटीनवाला सुद्धा विचारायचा, ‘चक्रीवादळ, चाय की कॉफी?’ या नावाने मला कधीच हाक मारली नाही असा एकच माणूस, आणि त्यालाच ती मारायचा खरा हक्क होता.

आमच्याकडे सोनवणे तीन होते. एक लॅबमध्ये, एक गेटवर आणि हे बॉयलर सोनवणे. त्यांच्यापेक्षा लहान असलेले सगळे त्यांना मामा म्हणत आणि बॉयलर हाऊसमध्ये कोणी गेलं की मामा आधी त्याला भिंतीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघायला लावत, मग बसायला सांगत. बॉयलर अटेंडंटचं काम दर तासाला नोंद करण्याचं. पुढे या नोंदी कॉम्प्युटरवर जायला लागल्या तेव्हा बॉयलरची कोरी लॉगबुकं, चांगली दोन खोकी भरून, माझ्या स्टोअरमधून रद्दीत निघाली. मामा आले आणि म्हणाले, ‘मला द्याल?’ मी रीतसर साहेबांची सही घेतली, गेटपास बनवला आणि खोकी त्यांच्या सायकलला बांधून दिली. त्यातलं एक खोकं गेटवरच सुटलं, कारण गाठ मी मारली होती.

ती लॉगबुकं कशाला, ते त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. अंबरनाथ पूर्वेला एका जुन्या चार मजली इमारतीत वरच्या मजल्यावर ते राहत. वर गच्ची. गच्चीवरून पूर्वेला एमआयडीसीच्या चिमण्या दिसत आणि त्यांच्या मागे, हवा स्वच्छ असली तर, घाटाची निळी रेघ. मामा बॉयलरच्या लॉगबुकात आकाशाच्या नोंदी करत. रकाने तेच. ‘दाब’ या रकान्यात उल्हासनगरच्या भंगारात मिळालेल्या एका पितळी वायुदाबमापकाचा आकडा. ‘पाण्याची पातळी’ या रकान्यात, हात लांब करून बोटं आडवी धरली तर ढग घाटाच्या रेघेवर किती बोटं चढलाय ते. मग ‘शेरा’. मग ‘ऑपरेटरची सही’, तिथे ते खरोखरच सही करत. शेवटचा रकाना ‘इन्चार्जची सही’. तो पानोपान कोरा.

‘हा का कोरा, मामा?’

‘वर इन्चार्ज कोणी नाही,’ मामा म्हणाले. ‘आमच्या आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन तो रकाना रिकामा करून टाकला. तेव्हापासून जी काय जबाबदारी आहे ती ऑपरेटरची.’

आतून मामी ओरडल्या, ‘पाटकर भाऊजी, त्यांना विचारा, घरातल्या सिलिंडरची नोंद कुठल्या रकान्यात असते. परवापासून संपलाय.’

मामांच्या तोंडून मी कधी ‘सुंदर’ हा शब्द ऐकला नाही. एवढे फोटो काढले त्यांनी, एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेल्या जुन्या कॅमेऱ्यावर. पण ढगाची तारीफ ते फक्त कामावरून करत. दुपारी चारला घाटावर जमून सहाला विरून जाणारा ढग म्हणजे कंत्राटी. पावसाळ्यातला राखाडी थर म्हणजे पर्मनंट. दिसतो मोठा, काम कमी. नुसता गडगडून जाणारा तो युनियनचा. आणि मे महिन्यात किंवा ऑक्टोबरात एखाद्या दिवशी घाटावर जो फुलकोबीसारखा फुगत जातो, ज्याचा माथा सपाट होतो, तो दिसला की मामा खुर्चीतून उठत. ‘हा ओव्हरटाइमला आलाय. हा काम करून जाणार.’ एकदा संध्याकाळी आभाळ खालून फुग्याफुग्यांचं झालं, सगळं अंबरनाथ मोबाइल वर करून उभं. मामांनी चार फोटो काढले आणि शेरा लिहिला, ‘इडलीपात्र पालथं. ५.४०.’

उन्हाळ्यात इमारतीतल्या बायका गच्चीवर पापड घालायच्या आधी मामांना विचारून जात. मामा ‘हो’ही म्हणत नसत आणि ‘नाही’ही. ‘साडेतीनपर्यंत माझी जबाबदारी,’ एवढंच. एका मे महिन्यात हा सल्ला मी माझ्या बायकोला माझा म्हणून दिला आणि साडेतीन ऐवजी साडेचार सांगितलं. त्या वर्षी आम्ही पापडांची आमटी खाल्ली.

वारा बघायला मामांनी कधी यंत्र घेतलं नाही. समोर एवढ्या चिमण्या असताना यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं. कुठल्या कारखान्याची चिमणी किती उंच, हे त्यांना पाठ होतं. त्यामुळे खाली वारा कुठे, मध्ये कुठे, वर कुठे, हे ते धुराच्या कलावरून वाचत. वादळ घाटावर उभं राहिलं की सगळे धूर हळूहळू त्याच्याकडे वळतात. ‘बघा, श्वास घेतोय.’ मग अचानक एक क्षण असा येतो की सगळे धूर एकदम उलटे फिरतात आणि आपल्या अंगावर येतात. ‘चिमण्यांनी तोंड फिरवलं की पाच मिनिटांत वारा. त्याच्या आत खाली.’

त्याहून कडक नियम विजेचा. वीज चमकली की मामा मोठ्याने आकडे मोजत. गडगडाट तीसच्या आत ऐकू आला की कॅमेरा बंद, छताखाली. समोर काहीही असो.

हा नियम मला पहिल्यांदा समजला तो बारवी धरणाच्या रस्त्यावर. माझी गाडी, मामा शेजारी. धरणाच्या अलीकडे एका उघड्या टेकाडावर मी कॅमेऱ्याची लोखंडी तिपाई उभी केली. समोर डोंगरावर विजांचं जाळं पसरलं होतं. मामा मोजत होते. अडतीस. चौतीस. एकोणतीस.

‘चला,’ मामा म्हणाले.

‘मामा, एकच. एक मिनिट.’

 माझ्या कॅमेऱ्याचं खालचं झाकण मामांनी उघडलं, बॅटरी काढली, शर्टाच्या वरच्या खिशात टाकली, बटण लावलं आणि गाडीत जाऊन बसले. मी काळ्या पडद्याकडे बघत दोन क्षण उभा राहिलो आणि मग गेलो, कारण आता तिथे माझं काही कामच उरलं नव्हतं.

‘मशीनमध्ये हात घालायच्या आधी फ्यूज काढून खिशात ठेवायचा,’ मामा काचेतून बघत म्हणाले. ‘म्हणजे कोणी चुकून चालू करू शकत नाही. आपण स्वतःसुद्धा.’

पुढचा पाऊण तास आम्ही गाडीत बसून माझ्या आयुष्यातल्या सर्वोत्तम विजा बघितल्या. त्या टेकाडावर एकही पडली नाही. हे मी परतताना तीनदा बोलून दाखवलं.

‘काही झालं नाही ना?’ मामा म्हणाले. ‘मग बरोबर केलं. सेफ्टीत निकाल असाच लागतो. काही झालं नाही.’

मी कात्रपपर्यंत तोंड फुगवून गाडी चालवली. आज हे लिहायला दोन्ही हातांची बोटं शाबूत आहेत, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं हे सिद्ध करता येत नाही. मी मामांना देतो.

एवढ्या फोटोंमध्ये मामांना हवा असलेला एकच फोटो नव्हता. घाटावरून वादळ उतरताना कधीकधी त्याच्या पुढे एक लांबलचक, सपाट काठाचा काळा ढग चालत येतो, आभाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मामा त्याला फळी म्हणत. ती अख्खी हवी होती, दोन्ही टोकांसकट एका फोटोत आणि खाली तिच्याकडे झुकलेले चिमण्यांचे धूर. डावं टोक होतं, उजवं होतं, नुसती मधली होती. कधी आधीच पाऊस आला, कधी धुरकं आडवं आलं आणि बहुतेक वेळा तो तीसचा आकडा आडवा आला. निवृत्तीनंतर तर त्यांना दुसरं कामच नव्हतं.

आणि मग गच्चीच्या आग्नेयेला एक टॉवर उभा राहू लागला. लॉगबुकात शेरे दिसायला लागले. ‘टॉवर, सातवा स्लॅब. क्षितिजावरची चार बोटं गेली.’ ‘नववा. सहा गेली.’ अकराव्या स्लॅबला मामांनी हात लांब करून बराच वेळ मोजलं. ‘या ऑक्टोबरात दोन्ही टोकं बसतील,’ ते म्हणाले. ‘पुढच्या ऑक्टोबरात उजवं टोक कोणाच्या तरी बेडरूममधून दिसेल.’ मामांचे गुडघेही तोवर कुरकुरायला लागले होते. त्या महिन्यात ते दुपारी दोनपासून खुर्ची टाकून गच्चीवरच बसत.

एका दुपारी मला स्टोअरमध्ये फोन आला. मामांचा फोन बटणांचा. त्यावरून ते कमीत कमी शब्दांत बोलत.

‘पाटकर, घाटावर नऊ बोटं. धूर वळलेत. या.’

मी हाफ डे टाकला. गच्चीवर पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. घाटाची रेघ नव्हतीच, तिच्या जागी काळंनिळं काहीतरी उभं होतं. मामांनी तिपाई लावली होती. माझी बॅग मी पाण्याच्या टाकीखाली ठेवली.

वीज. ‘एक, दोन, तीन,’ मामा मोजायला लागले. बेचाळीस.

मग छत्तीस. काळ्याच्या खालून एक सरळ काठ पुढे सरकायला लागला. डावं टोक पार उल्हासनगरच्या अंगाला मोकळं दिसत होतं. उजवं अजून पावसाच्या पडद्यात, टॉवरच्या जरा अलीकडे. एकतीस. चिमण्यांचे सगळे धूर फळीकडे झुकलेले, जणू कोणी ओढून धरलेत.

पुन्हा वीज. मामा मोजेनात.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला. ओठ मिटलेले. मी मनात मोजलं. सव्वीस.

‘मामा.’

‘उजवं टोक सुटतंय,’ ते म्हणाले.

पुढची वीज. तेवीस.

‘मामा, तेवीस.’

‘पाटकर, दोन मिनिटं.’

त्यांनी माझ्याकडे, किंवा कोणाकडेही, कधी दोन मिनिटं मागितलेली मी ऐकली नव्हती. त्या आवाजात बॉयलर सोनवणे नव्हते. बारवीच्या टेकाडावरचा मीच होतो. मला इतकं वाईट वाटलं, की द्यावीत असं मनात आलं. एका माणसाने इतक्या ऑक्टोबरांची वाट बघितली, त्याला दोन मिनिटं नाकारणारा मी कोण? ज्याला आपल्या कारखान्याची वाफ ओळखता येत नाही, तो. माझा निर्णय व्हायच्या आधी माझ्या हाताने झाकण उघडलं होतं. बॅटरी काढली आणि पँटच्या खिशात टाकली.

‘मामा, खाली.’

मामांनी काळ्या पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. रागाने नाही; दाबाचा काटा वाचावा तसं. मग त्यांनी तिपाईचे पाय एकेक करून मिटायला घेतले आणि आम्ही जिन्यात आलो.

जिन्याच्या वळणावर सिमेंटची जाळी आहे. तिच्या भोकांमधून आम्ही फळी बघितली. एका भोकात डावं टोक, मधल्या भोकांमध्ये चिमण्या आणि शेवटच्या दोन भोकांमध्ये, टॉवरला घासून, उजवं टोक. अख्खी. चार मिनिटं ती तशी होती. माझा मोबाइल आणि माझा कॅमेरा बॅगेत होते आणि बॅग वर टाकीखाली; खिशातली मामांची बॅटरी तर मला आठवलीच नाही. सामान विसरायला मी कधी विसरत नाही. मग धूर एकदम उलटे फिरले, गच्चीचं दार धाडकन आपटलं आणि पाऊस आला.

गच्चीवर वीज पडली नाही. खरं सांगतो, माझी लाज राखण्यापुरती तरी एखादी टाकीवर पडावी, असं मला वाटत होतं. टाकीला काही झालं नाही. आम्हालाही नाही. मामा तिपाई घेऊन घरात गेले.

चार दिवस त्यांचा फोन नाही. मीही केला नाही, हिंमत नव्हती. पाचव्या दिवशी बायकोने वॉशिंग मशीनमधून काहीतरी चौकोनी काढून माझ्यासमोर धरलं. ‘अहो, ही साबणाची वडी आहे का तुमची?’ मामांची बॅटरी होती. दोनदा धुऊन, पिळून निघालेली.

मी ती घेऊन उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडे धावलो. त्याने ती नाकाशी धरली. ‘साईं, इसको नहलाके लाए हो? खुशबू अच्छी है.’ मग बरीच खोकी धुंडाळून त्या जुन्या कॅमेऱ्याला बसेल अशी दुसरी काढून दिली.

मामांनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘आणलात फ्यूज?’

‘मामा, तुम्ही रागावलात. फोन नाही, काही नाही.’

‘राग कसला?’ ते म्हणाले. ‘ज्याने फ्यूज काढला त्यानेच बसवायचा असतो. तो येईपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. मागायचा नसतो.’

मी बॅटरी बसवली. उलटी. मामांनी काढून सुलटी केली.

आतून मामी म्हणाल्या, ‘भाऊजी, पाच दिवस घरात कॅमेऱ्याचं चालू-बंद नाही, किती शांत होतं हो. पुढच्या वेळी टीव्हीचाही फ्यूज काढून न्या.’

टॉवरचा बारावा स्लॅब दिवाळीच्या आत टाकून झाला. पुढच्या वर्षी मामांची इमारतही नवी बांधायला निघाली, सगळ्यांनी घरं रिकामी करायची ठरलं आणि मामा-मामींनी परभणीला मुलीकडे जायचं ठरवलं. मी म्हणालो, ‘तिथे बरं, मामा. सगळीकडे मोकळं क्षितिज.’

‘मोकळं आहे,’ मामा म्हणाले, ‘पण चिमण्या नाहीत. वारा कशावर वाचायचा?’

निघायच्या दिवशी सकाळी सामानाचा टेम्पो गल्लीत उभा होता. मामी केबिनमध्ये बसून ड्रायव्हरला कपाटाविषयी सूचना देत होत्या. मामा शर्टाची सगळी बटणं लावून खाली आले. हातात एक लॉगबुक. ते त्यांनी टेम्पोच्या बॉनेटवर उघडलं, पान शोधलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

‘एक सही राहिलीय.’

त्या ऑक्टोबरातली नोंद होती. वेळ, दाब, बोटं, सगळं भरलेलं. शेरा असा: ‘फळी अख्खी. दोन्ही टोकं दिसली. फोटो नाही. मनात २६ मोजले, ऑपरेटर थांबला नाही. पाटकरांनी फ्यूज काढला. काही झालं नाही.’ खाली मामांची सही. शेजारी इन्चार्जचा रकाना, कोरा. मामांचं बोट त्याच्यावर.

 मी सही केली आणि खाली तारीख टाकली. ती चुकली, मी नोंदीच्या दिवसाची टाकायच्या ऐवजी आजची टाकली, आणि तीही कालची. मामांनी तिच्यावर एक आडवी रेघ ओढली, बाजूला बरोबर तारीख लिहिली आणि वर आपली आद्याक्षरं टाकली.

‘खाडाखोड करायची नाही,’ ते म्हणाले. ‘चूक वाचता आली पाहिजे.’ लॉगबुक मिटून त्यांनी माझ्या काखेत दिलं. ‘हे स्टोअरला जमा.’

टेम्पो हलला. गल्लीच्या तोंडाशी जिथून एमआयडीसी दिसते तिथे तो वळायला थांबला, तेव्हा खिडकीतून खाकी बाहीतला एक हात बाहेर आला. मला वाटलं, मला निरोप देतायत. मीही हात वर केला. पण तो हात सरळ लांब झाला, चार बोटं आडवी झाली आणि चिमण्यांच्या वर आभाळावर स्थिर राहिली. टेम्पो वळेपर्यंत ती तशीच होती.